पहिल्या इंजेक्शनच्या आधीचं रक्त

पावसाळा सुरू झाला की आमच्या लॅबच्या खिडकीवर एक प्रश्न हमखास येतो, मॅडम एवढे पैसे भरले, पाच दिवस थांबलो आणि ब्लड कल्चरच्या रिपोर्टवर नुसतं नो ग्रोथ, म्हणजे काही वाढलं नाही, असं लिहून दिलंय, मग उपयोग काय झाला? बऱ्याचदा चिडून विचारलेलं असतं आणि चिडणं रास्तच आहे, कारण ही तपासणी नेमकी काय आहे हे त्यांना आधी कोणी सांगितलेलंच नसतं. मी मायक्रोबायोलॉजीत काम करते, ब्लड कल्चरच्या बाटल्या हा माझा रोजचा विषय, आणि वॉर्डात, कॅन्टीनमध्ये, लग्नात भेटलेल्या पाव्हण्यांना मी सगळीकडे एकच गोष्ट सांगत असते की ब्लड कल्चरचा निकाल अर्ध्याहून जास्त तर पेशंटच्या कॉटपाशीच लागलेला असतो, रक्त कधी घेतलं, किती घेतलं आणि कसं घेतलं यावर. आमच्याकडे बाटली पोचते तेव्हा त्यातलं बरंचसं ठरून गेलेलं असतं.

आधी ही तपासणी काय ते सांगते. आपल्या रक्तात एरवी जंतू नसतात, किंवा दात घासताना वगैरे चुकून शिरलेच तर शरीर त्यांना मिनिटांत निपटून टाकतं. पण न्यूमोनिया, लघवीचं इन्फेक्शन, पित्ताशयाची सूज, पायाची चिघळलेली जखम, टायफॉइड, अशा कशातूनही जंतू रक्तात उतरले आणि तिथे टिकले की प्रकरण गंभीर होतं, त्यातूनच पुढे सेप्सिस, म्हणजे इन्फेक्शनने अख्खं शरीर कोलमडणं, बीपी पडणं, किडनी बंद होणं वगैरे. सीबीसीमध्ये पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसतात, सीआरपी वाढतो, प्रोकॅल्सिटोनिन वाढतं, पण या सगळ्या तपासण्या फार तर इन्फेक्शन असावं एवढंच सांगतात. जंतू कुठला आणि त्याच्यावर कुठलं औषध चालेल हे कळायला तो जंतू जिवंत पकडून वाढवावा लागतो. ब्लड कल्चर म्हणजे तेवढंच, रक्त घ्यायचं, जंतूंच्या खाद्याच्या बाटलीत घालायचं, उबेत ठेवायचं आणि वाढतंय का बघायचं.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. लोकांना वाटतं रक्तात इन्फेक्शन म्हणजे रक्त जंतूंनी भरलेलं असणार. तसं नसतं. मोठ्या माणसाच्या एक मिली रक्तात दहापेक्षा कमी जंतू असतात, आणि कित्येक वेळा एकसुद्धा नसतो, म्हणजे दोन-तीन मिलीत मिळून एखादा. टायफॉइडमध्ये तर हे अगदी नेहमीचं. मग दोन मिली रक्त घेऊन बाटलीत टाकलं आणि त्यात तो जंतू आलाच नाही तर मशीन कितीही महागाचं असो ते काय वाढवणार? पोतंभर तांदळात दोन-चार खडे आहेत आणि आपण मूठभर तांदूळ निवडून म्हणतोय की खडे नाहीत, तसं होतं ते. म्हणून मोठ्या माणसाला एका बाटलीत ८ ते १० मिली रक्त लागतं, एका सेटमध्ये दोन बाटल्या, एक हवेत वाढणाऱ्या जंतूंसाठी आणि एक हवेशिवाय वाढणाऱ्यांसाठी, आणि असे दोन सेट दोन वेगवेगळ्या हातांतून. रक्तात खरोखर जंतू असलेल्या पेशंटमध्ये एका सेटमध्ये ७० टक्क्यांच्या आसपास सापडतात, दोन सेट घेतले तर ८०-९०, तीन घेतले तर ९५च्या पुढे जातं. एकेक मिली रक्त वाढलं की सापडण्याची शक्यता साधारण तीन टक्क्यांनी वाढते असं मानलं जातं.

दोन सेट म्हणजे ४० मिली झालं, आणि इथेच नातेवाईक घाबरतात, आधीच पेशंट अशक्त त्यात एवढं रक्त काढताय, अंगात राहील काय त्याच्या! मला ही काळजी कळते, आपल्याकडे रक्त म्हणजे ताकद हे मनात खोल बसलंय. पण मोठ्या माणसात साधारण पाच लिटर रक्त असतं आणि रक्तदान करताना एका वेळी ३५० मिली देतात, त्याच्यापुढे ४० मिली म्हणजे काहीच नाही. लहान बाळांचं वेगळं, तिथे वजनाप्रमाणे एक-दोन मिलीच घेतात आणि लहान मुलांची खास बाटली असते. आमच्याकडे मात्र मोठ्या माणसांच्या बाटल्या तळाला जेमतेम लाल दिसतायत अशा येतात, बाटलीवर मापाच्या रेघा छापलेल्या असतात तरीही. सिस्टरांना दोष द्यायचा नाहीये मला, रात्रपाळीला एक सिस्टर चाळीस पेशंट बघते, शीर सापडत नाही, नातेवाईक मागे उभे राहून बास बास म्हणतायत, मग निघालं तेवढं घेऊन बाटलीत टाकते ती. पण त्या तीन मिलीवर आलेला नो ग्रोथ हा रिपोर्ट बघून पुढचे सगळे डॉक्टर निर्धास्त होतात, आणि मला भीती वाटते ती त्याची.

बाटलीत काय असतं हे फार कमी लोकांना माहीत असतं म्हणून सांगते, कारण मला स्वतःला ती बाटली फार हुशार वाटते. आत पोषक ब्रॉथ, म्हणजे जंतूंचं पातळ खाद्य असतं. रक्त गोठलं तर जंतू गुठळीत अडकतील म्हणून रक्त न गोठू देणारं एक रसायन असतं, ते रसायन रक्तातल्या पांढऱ्या पेशींना आणि बाकी प्रतिकार करणाऱ्या घटकांनाही थोपवतं, कारण नाहीतर आपलं रक्त बाटलीतसुद्धा जंतूंना मारत राहील. काही बाटल्यांत बारीक रेझिनचे मणी असतात, ते रक्तात आधीच गेलेलं अँटीबायोटिक शोषून घेतात. आणि तळाला सेन्सर. जंतू वाढायला लागले की कार्बन डायऑक्साइड सोडतात, बॅक्टअलर्ट नावाच्या मशीनच्या बाटलीचा तळ निळसर हिरव्याचा पिवळा होतो, बॅक्टेक नावाच्या मशीनमध्ये तोच बदल प्रकाशाच्या चमकीवरून मोजतात, आणि मशीन दर दहा-एक मिनिटांनी प्रत्येक बाटली तपासत असतं, दिवस-रात्र, पाच दिवस. आधी हे असं नव्हतं, साध्या काचेच्या बाटलीत ब्रॉथ, रोज सकाळी उजेडात धरून गढूळ झालाय का बघायचं आणि न दिसलं तरी ठरलेल्या दिवशी प्लेटवर लावून बघायचं. लहान गावांतल्या कित्येक लॅबमध्ये आजही तेच चालतं आणि नीट केलं तर त्यातही उत्तम काम होतं.

बाटली पॉझिटिव्ह झाली की मशीन ओरडतं. पहाटे चारला ओरडलं तर पहाटे चारला. मग त्यातला एक थेंब स्लाइडवर घेऊन ग्रॅम स्टेन करायचा, म्हणजे जंतूंना रंग देऊन मायक्रोस्कोपखाली बघायचं, १८८४ मध्ये ग्रॅम नावाच्या डॅनिश डॉक्टरांनी मांडलेली ही पद्धत अजून तितकीच कामाची आहे, दहा मिनिटांत कळतं की जांभळे गोल जंतू घोसात आहेत का साखळीत आहेत, का गुलाबी काड्या आहेत, का यीस्ट आहे. आणि लगेच वॉर्डला फोन. हा फोन म्हणजे माझ्या मते आमच्या अख्ख्या खात्याचं सगळ्यात मोलाचं काम. सर, तुमच्या आयसीयूतल्या सात नंबरच्या बाटलीत ग्रॅम निगेटिव्ह, म्हणजे गुलाबी, काड्या आहेत, एवढ्या एका वाक्यावर औषध बदलतं. ई कोलाय वगैरे कधी कधी बारा तासांच्या आत वाढतात, खरे रोगजंतू बहुतेक वेळा पहिल्या दोन दिवसांतच दिसतात, त्यामुळे पाच दिवस म्हणतो ते नाही म्हणायच्या आधीचे पाच दिवस असतात, आहे म्हणायला एवढे लागत नाहीत. फोन झाला की ब्लड अगर आणि मॅकॉन्की या जंतूंच्या खाद्याच्या प्लेटवर लावायचं, दुसऱ्या दिवशी कॉलनी, म्हणजे जंतूंचे डोळ्यांना दिसणारे ठिपके येतात, त्यावरून जंतूचं नाव, आणि त्याच्या पुढच्या दिवशी कुठलं अँटीबायोटिक लागू होतंय त्याची यादी. मोठ्या लॅबमध्ये मॅल्डी-टॉफ नावाचं मशीन आलंय, कॉलनीवरून काही मिनिटांत नाव सांगतं.

आता वेळ. हा भाग लिहिताना मला खरंच वाईट वाटतं. ताप आला की माणूस आधी मेडिकलमध्ये जातो, दोन दिवस कसलंतरी अँटीबायोटिक खातो, उतरला नाही की गल्लीतल्या डॉक्टरांकडे सुई, सलाईन, मग तालुक्याला, तिथे सेफ्ट्रिआक्सोन हे अँटीबायोटिक इंजेक्शन सुरू होतं, त्यानेही उतरला नाही की जिल्ह्याला, आणि मग सातव्या-आठव्या दिवशी कोणीतरी म्हणतं, चला आता ब्लड कल्चर पाठवू. तोपर्यंत रक्तातले जंतू औषधाने अर्धमेले झालेले असतात, मेलेले नसतात, पेशंट बरा झालेला नसतो, पण बाटलीत वाढायला तयार नसतात. नो ग्रोथ. शेड्यूल एच-वन ही औषधांची सरकारी यादी २०१४ पासून लागू आहे, त्यातली अँटीबायोटिक्स चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत आणि विकल्याची नोंद ठेवायची असा नियम आहे, पण काउंटरवर काय चालतं ते तुम्हाला-मला दोघांनाही माहितीये. रेझिनच्या बाटल्यांनी थोडी मदत होते, सगळं भरून निघत नाही.

म्हणून रक्त पहिल्या इंजेक्शनच्या आधी. ॲडमिट करताना सलाईन लावायच्या गडबडीत दहा मिनिटं काढून आधी कल्चरचं रक्त घ्या, मग औषध. पण याचा उलटा अर्थ कृपा करून घेऊ नका, पेशंटचं बीपी पडलंय, तो बरळतोय, हातपाय गार पडलेत, तर औषधाचा पहिला डोस तासाभराच्या आत गेलाच पाहिजे, कल्चरसाठी औषध अडवून ठेवायचं नाही, शीर मिळतच नसेल तर औषध द्या आणि रक्त नंतर घ्या. जीव आधी. फक्त बहुतेक वेळा दोन्ही होऊ शकतं, आठवण राहिली पाहिजे एवढंच.

आणि कसं घ्यायचं. आपल्या कातडीवर कायम जंतू असतात, त्यातले काही सुईबरोबर बाटलीत गेले की बाटली पॉझिटिव्ह होते, आणि वॉर्डात कळत नाही की हे रक्तातलं आहे का कातडीवरचं. म्हणून क्लोरहेक्सिडीन-अल्कोहोलने जागा घासून पुसायची आणि सुकू द्यायची, साधारण अर्धा मिनिट, बीटाडीन असेल तर दीड-दोन मिनिटं थांबायचं, आणि एकदा पुसल्यावर शीर पुन्हा बोटाने चाचपायची नाही. हे शेवटचं सगळ्यात जास्त वेळा मोडलं जातं, शीर हरवते, पटकन बोट लावून बघितलं जातं. बाटलीचं वरचं टोपण काढलं की खालचं रबर निर्जंतुक असतं असा समज आहे, तेही अल्कोहोलने पुसावं लागतं. आणि सलाईनसाठी शिरेत आधीच लावलेल्या इंट्राकॅथमधून रक्त काढायचं नाही, सोयीचं असतं, पेशंटला एक टोचणी वाचते, पण त्या नळीच्या तोंडाशी जंतू बसलेले असतात. सेंट्रल लाइनच, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेली नळीच, इन्फेक्ट झालीये असा संशय असेल तर वेगळं, तेव्हा मुद्दाम एक लाइनमधून आणि एक हातातून असं एकाच वेळी घेतात, लाइनमधली बाटली हातातल्या बाटलीपेक्षा दोन तास किंवा त्याहून जास्त आधी पॉझिटिव्ह झाली तर दोष लाइनचा धरतात.

बाटलीत भेसळ होण्याचं प्रमाण तीन टक्क्यांच्या आत हवं असा जुना मापदंड आहे, आता तर एक टक्क्यापर्यंत आणा म्हणतात. भेसळीचं नुकसान कागदावरचं नसतं. एका बाटलीत कातडीवरचा स्टॅफ जातीचा जंतू आला, डॉक्टरांनी धोका नको म्हणून व्हँकोमायसिन हे अँटीबायोटिक सुरू केलं, म्हाताऱ्या माणसाची किडनी बिघडली, घरी जायचे दिवस लांबले, बिल वाढलं, हे मी बघितलंय. दोन हातांतून दोन सेट घ्यायला सांगतो त्याचं दुसरं कारण हेच, एकाच बाटलीत असला जंतू आला आणि बाकी तीन स्वच्छ असतील तर आम्ही ठामपणे सांगू शकतो की बहुतेक ही भेसळ आहे. पण स्टॅफमधलाच घातक स्टॅफिलोकोकस ऑरियस किंवा कॅन्डिडा हे यीस्ट एका बाटलीत आला तरी तो खराच धरायचा, तिथे सूट नाही, आणि ऑरियस असेल तर उपचार सुरू झाल्यावरही एक-दोन दिवसांनी पुन्हा पुन्हा कल्चर करायचं, रक्त स्वच्छ होईपर्यंत, कारण तो हृदयाच्या झडपेवर जाऊन बसतो.

टायफॉइडबद्दल लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. आपल्याकडे टायफॉइड म्हणजे विडाल. ताप आला, तिसऱ्या दिवशी विडाल, पॉझिटिव्ह, टायफॉइड, चौदा दिवस औषध. विडाल ही १८९६ची तपासणी आहे, ती रक्तात टायफॉइडच्या जंतूविरुद्धची अँटिबॉडी बघते, आणि जिथे टायफॉइड कायमच असतो अशा आपल्यासारख्या भागात पूर्वी कधीतरी होऊन गेलेल्या आजाराने, लसीने, कधी दुसऱ्याच तापानेही ती पॉझिटिव्ह येऊ शकते, आणि खरा टायफॉइड असताना पहिल्या आठवड्यात निगेटिव्हही येऊ शकते. एकट्या विडालवर कोणाला टायफॉइड आहे म्हणणं बरोबर नाही असं आम्ही कितीही सांगितलं तरी ती स्वस्त आहे आणि त्याच दिवशी मिळते म्हणून चालूच आहे. ब्लड कल्चर पहिल्या आठवड्यात, औषधाआधी घेतलं तर टायफॉइडच्या दहापैकी सहा-एक पेशंटमध्ये जंतू सापडतो, सगळ्यांत नाही, हेही मान्य. पण सापडला की काय हातात येतं बघा, नाव तर कळतंच, शिवाय सिप्रोफ्लॉक्सासिन चालणार का तेही, जे आता भारतात बहुतेक वेळा चालत नाही, मग सेफ्ट्रिआक्सोन किंवा अझिथ्रोमायसिन. २०१६ पासून पाकिस्तानात सिंधमधल्या हैदराबादला सेफ्ट्रिआक्सोनलाही दाद न देणारा टायफॉइड पसरला, ते कल्चर करणाऱ्या लॅब होत्या म्हणून कळलं, नुसत्या विडालवर चाललं असतं तर औषध का लागू पडत नाही याचा पत्ताच लागला नसता.

आपल्या जवळचं उदाहरण द्यायचं तर नवी मुंबईचं. २०१८ मध्ये नवी मुंबई महापालिकेने ९ महिने ते १४ वर्षं वयाच्या मुलांना टायफॉइडची नवी, कॉन्जुगेट प्रकारची लस द्यायची मोहीम काढली, सरकारी पातळीवर ही लस अशी देणारं ते पहिलं ठिकाण. आता लसीचा फायदा झाला का हे मोजायचं कसं? विडालवर मोजता येत नाही, लसीने आणि जुन्या आजाराने सगळा घोळ होतो. तिथे तापाच्या मुलांची ब्लड कल्चर करून, त्यात टायफॉइडचा जंतू वाढलेली मुलं मोजली गेली. म्हणजे एखाद्या मुलाच्या हातातून घेतलेल्या काही मिली रक्तावर हजारो मुलांच्या लसीचा हिशोब उभा राहतो. मला हे आठवलं की प्रत्येक बाटली नीट भरलेली असावी असं फार वाटतं.

आणि लॅबला पेशंटची माहिती द्या हो. फॉर्मवर नुसतं फीवर लिहून येतं. पेशंट गुराढोरांचं काम करतो का, कच्चं दूध पितो का, घरच्या म्हशीने गाभ टाकला होता आणि यानेच हाताने वार काढली का, शेळ्या-मेंढ्यांमागे फिरतो का, हे कळलं तर आम्ही ब्रुसेलाचा, म्हणजे जनावरांकडून माणसाला होणाऱ्या तापाच्या जंतूचा, विचार करतो, तो सावकाश वाढतो आणि प्लेटवर वास घेतला किंवा उघड्यावर हाताळला तर लॅबमधल्या माणसालाच होतो, त्याला सेफ्टी कॅबिनेटमध्येच हात लावायचा. त्याचा उपचारही वेगळा, सहा आठवड्यांचा, नेहमीच्या इंजेक्शनने तो ताप उतरल्यासारखा होऊन पुन्हा येतो. तसंच कोकणातला, गोव्यातला शेतकरी, मधुमेह आहे, भरपावसात चिखलात काम केलंय, न्यूमोनिया किंवा कुठेतरी गळवं, तर मेलिऑयडोसिस हा माती-पाण्यातल्या जंतूने होणारा आजार डोक्यात ठेवायचा. त्याचा जंतू प्लेटवर स्युडोमोनास या दुसऱ्या जंतूसारखा भासतो आणि तसाच रिपोर्ट होऊन जातो, किंवा भेसळ म्हणून फेकला जातो. जेंटामायसिन आणि कोलिस्टिन ही अँटीबायोटिक्स दोन्ही चालत नाहीत पण साधं को-अमॉक्सिक्लॅव चालतंय असं दिसलं की आम्ही थबकतो आणि पुन्हा बघतो. ओळखला तर सेफ्टाझिडिम किंवा मेरोपेनेम आणि नंतर काही महिने गोळ्या, नाही ओळखला तर माणूस जातो. फॉर्मवरच्या दोन ओळी लिहायला कितीसा वेळ लागतो.

हृदयाच्या झडपेचा जुना त्रास असलेल्या माणसाला बरेच दिवस बारीक ताप, वजन घटतंय, रात्री घाम, तर त्याला अँटीबायोटिक सुरू करायची घाई करू नका, तब्येत स्थिर असेल तर आधी वेगवेगळ्या वेळी तीन सेट घ्या, तिथे जंतू सतत रक्तात झिरपत असतात आणि पूर्ण उपचार, चार-सहा आठवड्यांचा, जंतूच्या त्या एका नावावर ठरतो. नवजात बाळांचं दुखणं आणखी वेगळं, तिथे क्लेब्सिएला आणि ॲसिनेटोबॅक्टर हे जंतू, बहुतेक औषधांना न जुमानणारे, एवढुशा बाटलीत, त्यावर स्वतंत्र लिहीन कधीतरी.

काही बारीक गोष्टी. बाटली फ्रिजमध्ये ठेवायची नाही, जंतू गारठतात. रात्री घेतलेली बाटली सकाळी राउंड झाल्यावर मामांबरोबर पाठवू असंही नको, दोन तासांत लॅबला पोचली तर उत्तम. बाटलीवरचा बारकोड झाकेल असं लेबल चिकटवू नका.

शेवटचं म्हणजे पेशंट घरी गेल्यावर येणारे रिपोर्ट. ताप उतरला, डिस्चार्ज झाला, आणि तिसऱ्या दिवशी बाटली पॉझिटिव्ह होते. आम्ही फॉर्मवरचा नंबर फिरवतो आणि तो लागत नाही, किंवा गावातल्या भलत्याच कोणाला लागतो, कारण ॲडमिशनच्या गडबडीत पोराने घाईघाईत एक आकडा चुकीचा सांगितलेला असतो. मग वॉर्डातून जुनी फाइल काढा, रेफर करणाऱ्या डॉक्टरांना फोन करा, कोणीतरी त्या गावचं आहे का विचारा, असं करत करत बहुतेक जण सापडतात, सगळे सापडत नाहीत. त्यामुळे कल्चर पाठवलंय आणि तुम्ही घरी निघालात तर चालू असलेला मोबाइल नंबर लॅबमध्ये स्वतः येऊन लिहून जा, आणि पाचव्या दिवशी फोन करून विचारा. आम्हाला त्रास वगैरे होत नाही, आम्ही वाटच बघत असतो.